खाण्यातले बॅक्टेरिया विजेवर कसे पकडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फूड मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आणि एक गोष्ट कायम दिसत आली, इम्पीडन्स मशीनबद्दल, म्हणजे खाण्यातले बॅक्टेरिया विजेवर ओळखणाऱ्या यंत्राबद्दल, लोक दोन टोकांना असतात. एकतर "चार तासांत सगळं सांगतं ते" असं धरून चालतात, नाहीतर "प्लेटवर कॉलनी बघितल्याशिवाय मी नाही मानत" म्हणतात (प्लेट म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची बशी, कॉलनी म्हणजे तिच्यावर दिसणारा त्यांचा ठिपका). माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच आहे, मशीन नक्की काय मोजतं हे त्यांना कोणी बसून सांगितलेलंच नसतं. म्हणून मला वेळोवेळी विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र लिहून काढते. काही उत्तरं लांबलीयत, पण तिथे घाई करून चालत नाही.

विजेने बॅक्टेरिया कळतात म्हणजे नक्की काय होतं?

बॅक्टेरिया खातात आणि खाल्लेल्याचं काहीतरी वेगळं बाहेर टाकतात, सगळा खेळ तिथेच आहे. ब्रॉथमधलं, म्हणजे त्यांना वाढवायच्या पोषक द्रवातलं, त्यांचं खाणं म्हणजे साखर, प्रोटीनचे मोठे तुकडे वगैरे. यांच्यावर विद्युतभार जवळजवळ नसतो किंवा असला तरी ते इतके अवजड असतात की पाण्यातून वीज वाहून न्यायला फारसे कामाचे नाहीत. बॅक्टेरियाने ग्लुकोजचा एक रेणू मोडला की लॅक्टिक ॲसिडचे दोन होतात आणि ते ॲसिड पाण्यात सुटं झालं की लॅक्टेट आणि हायड्रोजन असे दोन आयन, म्हणजे भार असलेले कण, मिळतात. प्रोटीन मोडत गेलं की अमिनो ॲसिड, मग अमोनिया, आणि अमोनियाचा अमोनियम आयन. म्हणजे आधी जिथे बिनभाराचा एक मोठा गोळा होता तिथे आता भार असलेले बरेच छोटे तुकडे फिरतायत, आणि ते वीज चांगली वाहतात. हायड्रोजन आयन तर सोडियमच्या जवळपास सातपट.

बाटलीत दोन इलेक्ट्रोड बुडवून ठेवायचे, अगदी बारीक एसी सिग्नल द्यायचा आणि काही मिनिटांच्या अंतराने रीडिंग घेत राहायचं. वाढ झाली की रीडिंग हलतं.

त्या करंटने बॅक्टेरिया मरत नाहीत का?

नाही. सिग्नल इतका लहान असतो की त्यांच्या वाढीवर काही परिणाम होत नाही. विजेचे जोरदार झटके देऊन बॅक्टेरिया मारायची पद्धतही आहे पण ती पूर्ण वेगळी गोष्ट, तिथे दर सेंटीमीटरला हजारो व्होल्ट लावतात.

मग मशीन बॅक्टेरिया मोजतं असं म्हणायचं ना?

नाही, आणि हा एकच मुद्दा नीट पक्का झाला तर बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. मशीन वेळ मोजतं. सॅम्पल आत ठेवल्यापासून रीडिंग ठळकपणे हलायला लागेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच. त्याला डिटेक्शन टाइम म्हणतात.

सुरुवातीला बॅक्टेरिया थोडे असतात, ते खातात, आयन सोडतात, पण ब्रॉथमध्ये आधीच इतके आयन असतात की हा बदल त्यात दिसतच नाही. वाढत वाढत त्यांची संख्या दर मिलिलीटरला साधारण १० लाख ते १ कोटीच्या घरात गेली की मग कर्व्ह, म्हणजे रीडिंगचा आलेख, उचलला जातो. तेव्हा प्रश्न एवढाच की तिथपर्यंत पोहोचायला त्यांना किती वेळ लागला. सुरुवातीला जास्त होते तर लवकर पोहोचले, कमी होते तर उशिरा.

हिशोब करून बघा. समजा दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा बॅक्टेरिया आहे आणि उंबरठा १० लाखांचा धरला. सुरुवातीला दर मिलिलीटरला १० असतील तर सुमारे १७ वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे साडेपाच तास. सुरुवातच १ लाखाने झाली असेल तर तीन-सव्वातीन वेळा दुप्पट झालं की बास, तासाभराच्या थोडं पुढे. यात अजून लॅग म्हणजे नवीन ब्रॉथमध्ये रुळायला लागणारा वेळ धरायचा. तर दर दहापट फरकाला या बॅक्टेरियाच्या बाबतीत साधारण १ तास ६ मिनिटांचा फरक पडतो. तोच बॅक्टेरिया जर ४० मिनिटांनी दुप्पट होणारा असेल तर सगळे आकडे डबल. आता विचार करा, मशीनला तर फक्त वेळ कळलाय, तो वेळ "कमी संख्या" मुळे लांबला की "हळू वाढ" मुळे हे त्याला कुठून कळणार? ते आपल्याला आधीच माहीत असावं लागतं.

इम्पीडन्स, कंडक्टन्स, कपॅसिटन्स हे तीन वेगळे मोजतात का? कुठलं बघायचं?

कंडक्टन्स म्हणजे द्रवातून वीज किती सहज जाते ते. कपॅसिटन्स मुख्यतः इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला चिकटून आयनांचा जो थर बसतो त्यातून येतो. आणि एसीला एकूण मिळून जो अडथळा होतो तो इम्पीडन्स, त्यात हे दोन्ही आले. फ्रीक्वेन्सी कमी ठेवली की इलेक्ट्रोडजवळच्या थराचं वजन जास्त, वाढवली की मधल्या द्रवाचं.

कामाचं बोलायचं तर साध्या ब्रॉथमध्ये कंडक्टन्स छान चालतो. मीठ जास्त असलेल्या मीडियात (म्हणजे वाढीच्या द्रवात) तो अडकतो, कारण आधीच प्रचंड आयन, त्यात बॅक्टेरियाची भर दिसणार कशी, तिथे कपॅसिटन्स वाचवतो. यीस्टच्या बाबतीतही तसंच, ते कंडक्टन्स फारसा हलवत नाहीत.

डीसी का नाही असंही विचारतात. डीसी दिला की इलेक्ट्रोडवर आयन साचतात, पाण्याचं विघटन सुरू होतं, आणि मग आपण बॅक्टेरिया सोडून आपणच केलेला बिघाड मोजत बसतो.

हे नवीन तंत्रज्ञान आहे का?

अजिबात नाही, आणि मला याचं फार कौतुक वाटतं. १८९९ मध्ये जी. एन. स्टुअर्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बॅक्टेरिया वाढताना माध्यमाची विद्युतवाहकता बदलते हे मोजून छापलं होतं. रक्त आणि सीरम सडत जाताना त्याने रीडिंग घेतली होती. कल्पना पूर्ण होती, हाताशी इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. शेकडो बाटल्यांचं रीडिंग दर काही मिनिटांनी, रात्रभर, माणसाने घ्यायचं कसं? १९७० च्या दशकात ते शक्य झालं आणि मग बॅक्टोमीटर, माल्थस, रॅबिट, बॅकट्रॅक अशी मशिन्स आली. माल्थसमागचं काम स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टोरी रिसर्च स्टेशनमध्ये झालं, तिथे मुख्य विषय मासे टिकवण्याचा होता.

प्लेटपेक्षा खरंच किती वेळ वाचतो?

एकूण कॉलनी काउंटची जी आयएसओ पद्धत आहे त्यात प्लेट ३० डिग्रीला ७२ तास ठेवतात. इम्पीडन्समध्ये खूप दूषित सॅम्पल काही तासांत ओरडतं आणि स्वच्छ असलेलं साधारण दिवसभरात कळतं.

पण खरा फायदा मला वेळेपेक्षा क्रमात वाटतो. प्लेटवर घाण सॅम्पल असो की स्वच्छ, दोघांना तेवढेच ७२ तास. इथे मात्र जेवढं सॅम्पल खराब तेवढी घंटा लवकर. ज्या बॅचबद्दल तुम्हाला सगळ्यात आधी कळायला हवं तीच सगळ्यात आधी कळते, आणि ट्रक सुटायच्या आत थांबवता येते. सकाळी सॅम्पल लावले आणि दुपारच्या जेवणाआधी एक चॅनेल (म्हणजे एका बाटलीचं रीडिंग) वर गेलं तर त्या बॅचचं काय करायचं हे त्याच दिवशी ठरतं, ही गोष्ट ज्याने तीन दिवसांनी आलेल्या रिपोर्टवर माल परत मागवलाय त्यालाच नीट समजेल.

हे सगळे बॅक्टेरिया धरतं की एखादा ठरावीक, म्हणजे साल्मोनेला वगैरेही?

मशीनला जात कळत नाही. जात ठरवतो ब्रॉथ. सगळ्यांना वाढू देणारा ब्रॉथ टाकला तर एकूण संख्येचा अंदाज, निवडक ब्रॉथ टाकला तर ठरावीक गट. म्हणून मी नेहमी म्हणते की पद्धतीची अर्धी अक्कल बाटलीत असते.

साल्मोनेला म्हणजे खाण्यातून आजार करणारा बॅक्टेरिया, त्याचं उदाहरण तर मला फारच आवडतं. ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ आहे, माशांमध्ये नैसर्गिकरीत्या असतो. न्यूट्रल पीएचला त्याच्यावर निव्वळ भार नसतो, म्हणजे वीज वाहण्याच्या दृष्टीने तो गप्प. साल्मोनेला त्यातला ऑक्सिजन वापरून त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतो आणि ते त्याच पीएचला लगेच हायड्रोजन आयन पकडून भारित होतं. एका झटक्यात मोठा कंडक्टन्स बदल. जोडीला डल्सिटॉल नावाचं शुगर अल्कोहोल (साखरेपासून बनणारा पदार्थ) आणि बाकीच्यांना दाबणारा सेलेनाइट टाकला की बऱ्याच नको त्या जाती मागे पडतात. ईस्टर आणि गिब्सन या संशोधकांनी १९८५ मध्ये हा मीडिया मांडला आणि साल्मोनेलासाठी कंडक्टन्स वापरणं खऱ्या अर्थाने मार्गी लागलं. माशाच्या वासामागचं रसायन घेऊन साल्मोनेला पकडणं, किती सुंदर आहे बघा.

तरी दोन गोष्टी राहतातच. एक, त्याआधी रात्रभराचं प्री-एनरिचमेंट, म्हणजे आधी साध्या ब्रॉथमध्ये वाढवून घेणं, करावंच लागतं, कारण सॅम्पलमध्ये साल्मोनेला असलाच तर मोजून दोन-चार आणि तेही अर्धमेले. दोन, पॉझिटिव्ह आलं की ते "संशयित" समजायचं, सिट्रोबॅक्टरसारखे नातेवाईक पण तीच रिॲक्शन करू शकतात, त्यामुळे प्लेटवर आणि पुढच्या टेस्टवर खात्री करायची. निगेटिव्ह मात्र लवकर क्लिअर करता येतात, आणि बहुतेक सॅम्पल निगेटिव्हच असतात म्हणून एकूण काम खूप हलकं होतं.

नेहमीचाच न्यूट्रिएंट ब्रॉथ टाकला तर चालेल ना, वाढ तर त्यातही होते?

वाढ होणं आणि सिग्नल येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे बरेच जण फसतात. ब्रॉथ गढूळ झालाय, म्हणजे बॅक्टेरिया भरपूर आहेत, आणि कर्व्ह सपाट, असं होऊ शकतं. कारण बफर, म्हणजे पीएच फार हलू न देणारा पदार्थ. फॉस्फेटसारखा बफर तयार होणारा हायड्रोजन आयन पकडून ठेवतो आणि सगळ्यात चांगला वाहक आयनच गायब होतो. आणि मीठ आधीच जास्त असेल तर बदल टक्केवारीत नगण्य दिसतो. इम्पीडन्सचा मीडिया बनवताना कमी मीठ, विचार करून निवडलेला बफर, आणि ज्या बॅक्टेरियाला शोधताय त्याने बिनभाराच्या पदार्थाचा भारित पदार्थ करावा असं खाद्य, हे तिन्ही बघावं लागतं. ट्रिस सारखे काही बफर उलट मदत करतात, ते हायड्रोजन आयन घेऊन स्वतः भारित होतात.

कर्व्ह पहिल्या तासातच वर जायला लागला, एवढे बॅक्टेरिया असतील का?

असूही शकतील, पण आधी तापमान बघा. १ डिग्री वाढलं की कंडक्टन्स साधारण १.८ टक्के वाढतो आणि कपॅसिटन्स ०.९ टक्के. फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल सरळ ३० डिग्रीच्या ब्लॉकमध्ये (बाटल्या ठरावीक तापमानाला ठेवणारा मशीनचा भाग) ठेवलं तर ते गरम होत असताना कर्व्ह मस्तपैकी चढतो, त्यात बॅक्टेरियाचा काही संबंध नाही. सुरुवातीला मी स्वतः यावरून एक चांगली बॅच अडवली होती आणि प्लेट आल्यावर कळलं की त्यात काहीच नव्हतं, तेव्हापासून ब्रॉथ आधीच तापमानावर आणून ठेवते आणि पहिल्या तासाच्या रीडिंगवरून कुठलाही निर्णय घेत नाही. फरक ओळखायची खूण अशी की तापमानाचा चढ सुरुवातीला जोरात असतो आणि हळूहळू सपाट होतो, बॅक्टेरियाचा चढ उलटा, आधी सपाट आणि मग वेग घेणारा.

दुसरा संशयित बुडबुडा. इलेक्ट्रोडवर हवेचा बुडबुडा बसला की तेवढा पृष्ठभाग बंद, आणि तो सुटला की रीडिंग एकदम उडी मारतं. अशी उडी दिसली की ती वाढ नाही, बॅक्टेरिया उडी मारत नाहीत. तिसरं म्हणजे इलेक्ट्रोडवरचा जुना थर, विशेषतः दूध किंवा चरबी असलेल्या सॅम्पलनंतर. परत वापरायच्या इलेक्ट्रोडची धुलाई मन लावून करा.

म्हणून प्रत्येक रनला सॅम्पल न टाकलेल्या ब्रॉथचं एक चॅनेल ठेवायचंच. एक चॅनेल वाया जातं म्हणून ते काढून टाकणारे मी बघितलेत, आणि मग कर्व्ह हलला की ब्रॉथच हलला की सॅम्पल, हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

कॅलिब्रेशन कसं करतात? कंपनीने दिलेला कर्व्ह वापरला तर?

कृपया नका वापरू, निदान स्वतः तपासल्याशिवाय तरी नको. पद्धत सोपी आहे पण घाम काढते. तुमच्याच प्रॉडक्टचे ८०-१०० सॅम्पल घ्यायचे, त्यात अगदी स्वच्छपासून एकदम खराबपर्यंत सगळे हवेत, प्रत्येकाची एक बाजूला प्लेट आणि एक बाजूला डिटेक्शन टाइम. मग काउंटचा लॉग एका अक्षावर, वेळ दुसऱ्यावर, आणि ठिपक्यांमधून रेघ. रेघेचा उतार तुम्हाला तुमच्या प्रॉडक्टमधल्या बॅक्टेरियाचा दुप्पट होण्याचा सरासरी वेग सांगतो. नंतर तुमची मर्यादा जिथे असेल तिथला वेळ बघायचा, त्याआधी घंटा वाजली तर बॅच फेल.

अडचण बहुतेकदा सगळे सॅम्पल स्वच्छच मिळतात ही असते, मग ठिपके एका कोपऱ्यात गोळा होतात आणि रेघ कुठेही वळवता येते. तेव्हा काही सॅम्पल मुद्दाम बाहेर ठेवून खराब करावे लागतात. त्यात त्याच प्रॉडक्टमधले नैसर्गिक बॅक्टेरिया वाढू द्या, फ्रिजरमधला शुद्ध स्ट्रेन टाकू नका, कारण प्रत्यक्षात तुमच्यासमोर येणार आहे ते मिश्रण.

आणि हा कर्व्ह त्या प्रॉडक्टचा, त्या ब्रॉथचा, त्या तापमानाचा. दूध पावडरवर बनवलेला कर्व्ह कच्च्या मांसाला लावणं म्हणजे एकाच्या चष्म्यातून दुसऱ्याने वाचणं.

प्लेटवर दोन्ही सॅम्पलचा काउंट सारखाच, पण मशीनवर दोन तासांचा फरक. चुकीचं कोण?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

समजा एकात ताजे, धडधाकट बॅक्टेरिया आहेत आणि दुसऱ्यात गरम केलेले, गोठवलेले किंवा सुकवलेले म्हणजे जखमी. जखमींना आधी दुरुस्ती करावी लागते, त्यात तास-दोन तास सहज जातात. प्लेटवर याचा काही फरक दिसत नाही, तीन दिवसांत उशिरा उठलेलाही कॉलनी करून दाखवतो. किंवा एकात भराभर वाढणारे कोलिफॉर्म आहेत आणि दुसऱ्यात आळशी मायक्रोकॉकस. प्लेटवर दोघांची एकेक कॉलनी, सारखंच वजन. मशीनवर वेगवान असलेला आधी पोहोचतो.

तिसरी शक्यता तापमानाची. फ्रिजमध्ये ठेवायच्या मालात स्यूडोमोनाससारखे थंडीत वाढणारे असतात, आणि तुम्ही ब्लॉक ३७ वर लावला तर त्यातले बरेच नीट वाढतच नाहीत, मशीन म्हणतं सगळं छान आणि माल फ्रिजमध्ये चार दिवसांत वास मारायला लागतो. तिथे तापमान खाली आणावं लागतं, वेळ जास्त लागतो, पण उत्तर खऱ्या प्रश्नाचं मिळतं.

माझं मत विचाराल तर माल किती टिकेल हे ठरवताना मला डिटेक्शन टाइम प्लेटपेक्षा जवळचा वाटतो, कारण माल खराब करतात ते डोकी मोजून नव्हे, काम करून, आणि मशीन त्यांचं कामच मोजतं. पण नियमात आकडा दर ग्रॅमला इतके असा दिला असेल तर वादाच्या वेळी प्लेटच चालते, ते मान्य करूनच पुढे जायचं.

मेलेले बॅक्टेरिया यात दिसतात का?

नाही. जे खात नाहीत ते दिसत नाहीत. हा फायदाही आहे, पाश्चराइझ केलेल्या मालात मेलेल्यांचा गोंधळ होत नाही.

पण यातला धोका नीट समजून घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियसने पदार्थात टॉक्सिन सोडलं, मग पदार्थ गरम केला, बॅक्टेरिया मेले, टॉक्सिन तसंच राहिलं. बॅसिलस सीरियसचं उलटी करवणारं टॉक्सिनही उकळून जात नाही. अशा सॅम्पलचा कर्व्ह दिवसभर सपाट राहील आणि खाणारा माणूस तरीही आजारी पडेल. टॉक्सिनसाठी वेगळी टेस्ट, विजेची पद्धत इथे काही सांगत नाही, कोणी सांगते म्हणालं तर ऐकू नका.

इनडायरेक्ट इम्पीडन्स काय प्रकार आहे?

ब्रॉथमध्ये इलेक्ट्रोड न घालता बंद बाटलीत शेजारी किंवा खाली पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवायचं आणि इलेक्ट्रोड त्यात. बॅक्टेरिया श्वसनात कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो हायड्रॉक्साइडमध्ये विरघळून कार्बोनेट होतो, आणि कार्बोनेट आयन हायड्रॉक्साइडपेक्षा बराच सुमार वाहक आहे. म्हणून इथे कर्व्ह खाली येतो, घाबरू नका.

मोठा फायदा असा की ब्रॉथमध्ये कितीही मीठ असू दे, घट्ट सॅम्पल असू दे, आगर असू दे, फरक पडत नाही. यीस्ट आणि बुरशीसाठी मी हीच पद्धत सुचवते. झाकण मात्र घट्ट हवं, बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आत आला तर तोही मोजला जातो.

माझ्याकडे पाण्याचा टीडीएस मीटर आहे, तो बुडवून दूध किंवा ज्यूस खराब आहे का बघता येईल?

नाही. टीडीएस मीटर कंडक्टिव्हिटीच मोजतो, पण एकदाच. आणि एका रीडिंगमध्ये पदार्थातले स्वतःचे क्षार बोलतात, बॅक्टेरिया नाही. दूध नासून आंबट व्हायच्या बरंच आधी ते धोकादायक असू शकतं आणि तेव्हा मीटरला काहीच वेगळं दिसत नाही. पाण्याचंही तेच, कमी टीडीएस म्हणजे बॅक्टेरिया नाहीत असा अर्थ मुळीच होत नाही, हे तर मी प्रत्येकाला हात धरून सांगते. पद्धतीचा जीव बदल बघण्यात आहे, ठरावीक तापमानाला, तासन्‌तास.

गायींच्या स्तनदाहासाठी दुधाची कंडक्टिव्हिटी बघतात ते खरं आहे, पण तिथेही बॅक्टेरिया मोजत नाहीत. कासेला सूज आली की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, ते दिसतं.

कॉलेज प्रोजेक्टसाठी हे स्वतः करून बघता येईल का?

हो, पण रोगजंतू वाढवू नका. दह्याचं विरजण घ्या. दुधात विरजण घालून ४२-४३ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, स्टीलचे दोन इलेक्ट्रोड, एसी सिग्नल, आणि दर १० मिनिटांनी रीडिंग. लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि पीएच उतरला की दुधातल्या केसिनच्या कणांमधलं कॅल्शियम फॉस्फेटही सुटून द्रवात येतं, त्यामुळे कंडक्टन्स स्पष्ट चढतो. विरजण दहापट कमी करून शेजारी दुसरी बाटली लावा, दोन कर्व्हमधला सरकलेला वेळ डोळ्यांनी दिसेल. तिसऱ्या बाटलीत नुसतं उकळून त्याच तापमानाला आणलेलं दूध ठेवायला विसरू नका.

बायोसेन्सर चिप मिनिटांत सांगते म्हणतात, मग ही तासांची पद्धत कशाला?

चिपवर बारीक कंगव्यासारखे एकमेकांत अडकवलेले इलेक्ट्रोड असतात, त्यावर अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक बॅक्टेरियाला पकडणारं प्रोटीन, चिकटवलेली, बॅक्टेरिया येऊन पकडला गेला की तिथला इम्पीडन्स बदलतो, वाढ व्हायची वाट बघायला नको. कल्पना उत्तम आहे आणि शुद्ध बफरमध्ये आकडेही छान येतात.

पण खाण्याच्या सॅम्पलचं गणित मांडा. दर मिलिलीटरला १०० बॅक्टेरिया आहेत आणि चिपमध्ये १ मायक्रोलीटर मावतं, तर त्या थेंबात सरासरी ०.१ बॅक्टेरिया आला. म्हणजे दहापैकी नऊ थेंबांत काहीच नाही, सेन्सर कितीही हुशार असला तरी जे आलंच नाही ते कसं दिसणार? आणि साल्मोनेलासाठी तर २५ ग्रॅममध्ये एकही नको असा निकष असतो, ते २५ ग्रॅम २२५ मिलिलीटर ब्रॉथमध्ये घातले तर २५० मिलिलीटरमध्ये एक पेशी शोधायची आहे. सेन्सर मिनिटांत उत्तर देतो हे खरं, पण पेशी सेन्सरपर्यंत आणायला तास लागतात, आणि जाहिरातीत ते तास मोजलेले नसतात.

दुसरी अडचण आयनांची. खारट द्रवात कुठल्याही भाराभोवती उलट भाराचे आयन जमून त्याला झाकून टाकतात, साध्या सलाइनमध्ये त्या भाराचा परिणाम १ नॅनोमीटरच्या आत संपतो, आणि अँटीबॉडीच त्याच्या दहापट लांब. म्हणून चिपवर मोजताना बहुतेक वेळा धुऊन कमी आयन असलेल्या द्रवात घ्यावं लागतं. तिसरी अडचण चरबी आणि प्रोटीन, ते इलेक्ट्रोडवर बसतात आणि बॅक्टेरिया आल्यासारखं दाखवतात.

यावर चांगलं काम चालू आहे. अँटीबॉडी लावलेल्या चुंबकीय मण्यांनी मोठ्या सॅम्पलमधून पेशी गोळा करून थेंबात आणणं, किंवा डायइलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे असमान विद्युतक्षेत्रात पेशी ओढून एका जागी जमवणं, हा शब्द हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये वापरात आणला. जिवंत आणि मेलेल्या पेशी विजेला वेगळा प्रतिसाद देतात, मेलेल्याचं आवरण गळकं झालेलं असतं, त्यामुळे याने दोन्ही वेगळ्याही करता येतात. मला मनापासून वाटतं की पुढचा खरा बदल सेन्सरमध्ये नाही, सॅम्पल गोळा करण्यात येईल.

कोल्टर काउंटरने मोजता येत नाही का?

बारीक भोकातून एकेक कण जाताना रेझिस्टन्स बदलतो, तो मोजायचा. रक्तपेशींसाठी अप्रतिम. खाण्यात मात्र बॅक्टेरियाच्या आकाराचे चरबीचे थेंब आणि प्रोटीनचे कण खच्चून भरलेले असतात, भोकाला ते सगळे सारखेच.

पीसीआर किंवा एटीपी टेस्ट असताना हे कशाला?

एटीपी म्हणजे पेशींमधला ऊर्जेचा रेणू, त्याची टेस्ट मिनिटांत होते, पण खाण्याच्या स्वतःच्या पेशींमध्येही एटीपी असतं, म्हणून ती पृष्ठभागाच्या स्वच्छतेला जास्त शोभते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणं, जात अचूक सांगतं पण मेलेल्याचा डीएनएही पकडू शकतं, आणि एनरिचमेंट तिथेही लागतंच. रोजचे पन्नास-शंभर सारखेच सॅम्पल, फार हाताळणी नको, जिवंत बॅक्टेरियाचंच उत्तर हवं, अशा ठिकाणी इम्पीडन्स आजही मस्त बसतं. यूएचटी दुधाचं स्टरिलिटी चेक, प्रिझर्वेटिव्ह किती दाबतं ते बघणं, दुधातल्या अँटिबायोटिकमुळे विरजणाचा कर्व्ह उशिरा येतो का हे बघणं, ही कामं तर ते फार सुंदर करतं. उलट महिन्याला दहा वेगवेगळे सॅम्पल येणाऱ्या लॅबने मशीन घेऊच नये, कॅलिब्रेशनच पुरं होणार नाही.

लॅबकडून इम्पीडन्सचा रिपोर्ट आला तर काय विचारायचं?

नुसता काउंट छापलेला असेल तर डिटेक्शन टाइम मागा. कॅलिब्रेशन कुठल्या प्रॉडक्टवर, किती सॅम्पलवर केलं ते विचारा. ब्लॉकचं तापमान काय होतं, आणि तुमचा माल फ्रिजमधला असेल तर ते तापमान का निवडलं. "आढळले नाही" लिहिलं असेल तर किती तासांपर्यंत वाट बघितली, कारण १० तासांनी थांबवलेल्या रनमध्ये ११ व्या तासाला येणारा कर्व्ह कधीच दिसणार नाही. आणि जमलं तर कर्व्हचा फोटोच मागून घ्या, शेजारी बिनसॅम्पलच्या चॅनेलचाही.